‘स्कूल’ शब्दाची कुळकथा

(केंद्रातील मासिक शिक्षक-संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तिसरी-चौथीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू असताना एक प्रसंग पुष्कळदा घडतो. फळ्यावर ‘स्कूल’ हा शब्द लिहिला जातो : एस, सी, एच, ओ, ओ, एल. मुले तो वहीत उतरवून घेतात. दुसऱ्या दिवशी श्रुतलेखन घेतले की अनेक वह्यांतून ‘एच’ गळालेला असतो, आणि काही वह्यांत तर एस, के, यू, एल असा उच्चाराशी अगदी प्रामाणिक राहिलेला शब्द आढळतो. शिक्षक लाल शाईने चूक दाखवितात व तो शब्द दहा वेळा लिहावयास सांगतात. एखादे धीट मूल मात्र विचारते, “गुरुजी, एच म्हणायचाच नाही, तर लिहायचा कशाला?”

“इंग्रजीत तसेच असते,” हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही. पण ते उत्तरही नव्हे. खरे उत्तर फार दुरून यावयाचे आहे, आणि वाटेत ते मुलापेक्षा शिक्षकाच्याच अधिक उपयोगाचे असे काही सांगून जाते. म्हणून आजच्या व्याख्यानास हा एकच शब्द घेतला आहे.

हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून तेथे त्याचे रूप ‘स्खोले’ असे होते. यातील ‘ख’ महत्त्वाचा आहे. प्राचीन ग्रीकांच्या वर्णमालेत ‘क’साठी एक व ‘ख’साठी दुसरे, अशी दोन स्वतंत्र अक्षरे होती. मराठी मुलास हे समजावयास इंग्रज मुलापेक्षा सोपे, कारण त्याच्या मुळाक्षरांचा आरंभच क आणि ख यांनी होतो. रोमन लोकांच्या लॅटिन लिपीत मात्र ‘ख’ला अक्षर नव्हते. ग्रीक शब्द उसना घेताना त्यांनी तोड काढली : ‘क’चे काम करणारा सी घ्यावयाचा आणि त्याच्या पाठीस हकार म्हणून एच जोडावयाचा. ‘स्कूल’मधील मुका एच तो हाच. तो एका हरवलेल्या ‘ख’ची खूण आहे.

आणि ही खूण एकट्या ‘स्कूल’वरच उमटलेली नाही. कोरस, एको, स्टमक, कॅरेक्टर, मेकॅनिक, टेक्निकल, मोनार्क हे शब्द इंग्रजीत लिहून पाहावेत. प्रत्येकात ‘क’ असा उच्चार असून सीपाठोपाठ एच बसलेला दिसेल, आणि प्रत्येकाच्या ग्रीक मुळात ‘ख’ होता. एवढे ध्यानात आले म्हणजे सात-आठ शब्दांची स्पेलिंगे वेगवेगळी घोकण्याचे श्रम वाचतात. चुकीखाली लाल रेघ ओढण्याऐवजी हे कुटुंब फळ्यावर एकत्र मांडले, तर तोच शब्द दहादा लिहिण्याची शिक्षा बहुधा लागणार नाही.

आता ‘ओ-ओ’चे. इ. स. ५९७ मध्ये रोमहून निघालेले ख्रिस्ती धर्मप्रसारक इंग्लंडच्या केंट प्रांतात उतरले. त्यांच्या मठांतून लॅटिन शिकविले जाऊ लागले व त्या शिक्षणाबरोबर लॅटिनमधील ‘स्कोला’ हा शब्द इंग्रजीत ‘स्कोल’ या रूपाने रुळला. त्या काळी त्यात एच लिहीत नसत. पुढे विद्वानांनी लॅटिन रूप डोळ्यांपुढे ठेवून तो पुन्हा आणून बसविला. म्हणजे एच गाळणारा आपला विद्यार्थी जुन्या इंग्रजांच्या पंक्तीस बसतो! ‘ओ’ मात्र खरोखरीच दीर्घ ‘ओ’ असा उच्चारला जाई. पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीतील दीर्घ स्वर आपल्या जागेवरून सरकू लागले व दीर्घ ‘ओ’चा ‘ऊ’ झाला. चंद्राचा ‘मून’, अन्नाचा ‘फूड’, दाताचा ‘टूथ’ या सर्वांची गत तीच. उच्चार बदलला, लेखन जुनेच राहिले. इंग्रजी स्पेलिंगाची निम्मी तरी तक्रार या एका वाक्यात सामावते.

खेड्यातील पुष्कळ वडीलधारी माणसे, आणि त्यांचे ऐकून मुलेही, ‘इस्कूल’ म्हणतात. वर्गात यावर हशा पिकतो, क्वचित शिक्षकही त्यात सामील होतात. त्यांनी थोडे थांबावे. शब्दारंभी ‘स्क’, ‘स्त’ असे जोडाक्षर आले की जिभेला आधार म्हणून पुढे एक स्वर लावून घेणे, ही मानवी मुखाची जुनी सवय होय. संस्कृत ‘स्त्री’चे प्राकृतात ‘इत्थी’ झाले ते असेच. स्पेन देशात हाच शब्द ‘एस्कुएला’ असा म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्कोल’ होते; पुढे मधला ‘स’ झिजून आजचे ‘एकोल’ उरले. पोर्तुगीजांनी आपले ‘इश्कोला’ गोव्यात आणले व कोंकणीत ‘इस्कोल’ रूढ झाले. तेव्हा ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या आजीबाईंच्या मागे निम्मे युरोप उभे आहे. प्रमाण उच्चार शिकवावयाचा तो अवश्य शिकवावा. हसण्याचे कारण मात्र नाही.

येथेच एका गैरसमजाचाही निकाल लावून टाकणे बरे. कोशात ‘स्कूल’चा आणखी एक अर्थ सापडतो : माशांचा थवा. मासे शाळेतल्या मुलांसारखे रांगेने जातात म्हणून हे नाव, असे कोणी कल्पकतेने सांगतो. कल्पना गोड आहे, पण खरी नाही. माशांचा ‘स्कूल’ हा जुन्या डच भाषेतील जमाव या अर्थाच्या शब्दापासून आलेला असून त्याचा ग्रीक शब्दाशी काही संबंध नाही. गळ्यातील ‘माळ’ आणि गुरे चरतात तो ‘माळ’ हे जसे तोंडावळ्याने एक व कुळाने भिन्न, तसेच हे.

इतका वेळ शब्दाच्या अंगरख्याचा विचार झाला. आता त्याचा अर्थ. ग्रीक ‘स्खोले’चा मूळ अर्थ शाळा असा नव्हता, शिक्षण असाही नव्हता. त्याचा अर्थ होता सवड.

हे प्रथम ऐकणारा मनुष्य चमकतो. शाळा म्हणजे सवड? मराठीत तर मुलांच्या लेखी सवड सुरू होते ती शाळा सुटल्यावर! ‘शाळा सुटली’ या दोन शब्दांइतका आनंद बालभाषेतील दुसऱ्या कोणत्या वाक्यात क्वचितच असेल. ग्रीक मुलांनाही शाळा सुटल्याचा आनंद होत असेलच. परंतु शब्दाचा हिशेब तेथे उलट होता. पोटासाठी, घरासाठी, मालकासाठी करावयाच्या कामातून जो काळ मोकळा राहिला तो ‘स्खोले’. त्या मोकळ्या काळात शहाणी माणसे चर्चा करीत, म्हणून चर्चेस ते नाव पडले. मग व्याख्यानास, मग व्याख्यानासाठी जमणाऱ्या मंडळीस, आणि अखेरीस ती जेथे जमत त्या जागेस. एखाद्या विचारवंताच्या अनुयायांस इंग्रजीत ‘स्कूल’ म्हणतात, तो अर्थ यातील मंडळीचा. आपण अशा ठिकाणी संप्रदाय किंवा घराणे म्हणतो.

या ग्रीक शब्दाच्याही मागे, धरणे, रोखून धरणे या अर्थाचा एक अतिप्राचीन धातू असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील ‘सह्’ धातू, आणि म्हणून आपले सहन, साहस हे शब्दही, त्याच धातूचे वंशज समजले जातात. म्हणजे सवड ही आपोआप उरलेली रिकामी वेळ नसून कामाच्या ओघातून कोणीतरी रोखून धरलेली वेळ आहे. मराठीत ‘रिकामपण’ या शब्दास हा अर्थ पेलत नाही, कारण त्यास ‘रिकामटेकडा’ चिकटलेला आहे. ‘फुरसत’ही थोडी सैल पडते. ‘सवड काढणे’ या आपल्या वाक्प्रचारात मात्र तो नेमका उतरतो. सवड असत नाही, ती काढावी लागते.

ग्रीकांची दृष्टी किती निराळी होती हे त्यांच्या ‘काम’ या अर्थाच्या एका शब्दावरून दिसते. तो शब्द ‘अस्खोलिया’, म्हणजे सवडीचा अभाव. रोमन लोकांनीही हीच तऱ्हा उचलली. सवड या अर्थी त्यांच्याकडे ‘ओटियम’ हा शब्द होता व त्याच्यापुढे नकार लावून व्यापार-उदीम या अर्थाचा ‘नेगोटियम’ त्यांनी घडविला. इंग्रजीतील वाटाघाटीचा शब्द ‘निगोशिएशन’ त्यापासूनच निघाला. आपल्याकडे काम हा मूळ शब्द आणि ‘बेकाम’ हा त्याचा अभाव. त्यांच्याकडे सवड ही मूळ व काम हा तिचा अभाव. मनुष्याने काम कशासाठी करावे, तर पुढे सवड मिळावी म्हणून, असे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात प्रतिपादिले आहे. प्राथमिक शाळेस रोमन लोक आणखी एक नाव देत : ‘लुडुस’. त्याचा दुसरा अर्थ खेळ. खेळ आणि शाळा यांस एकच शब्द वापरणाऱ्या त्या समाजात छडी भरपूर चालत असे, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही!

शाळांची नावे अशी फिरून फिरून भलत्याच जागी जातात. ‘जिम्नॅशियम’ म्हणजे ग्रीकांचा आखाडा; जर्मन लोकांनी तेच नाव माध्यमिक शाळेस दिले. उलट ‘तालीम’ म्हणजे अरबीत शिक्षण. मराठी माणसाने तिला लाल मातीच्या आखाड्यात नेले. प्लेटो अथेन्सबाहेरील ज्या झाडीत शिकवीत असे ती अकादेमोस नावाच्या एका पुराणवीराच्या नावाने ओळखली जाई. साहित्य अकादमीच्या नावात ती झाडी अद्याप हिरवी आहे.

आपला ‘शाळा’ हा शब्द यांपैकी कोणत्याच वाटेने आलेला नाही. संस्कृत ‘शाला’ म्हणजे घर, छप्पर असलेली जागा. गोशाळा, पाकशाळा, धर्मशाळा, टांकसाळ ही सर्व तिची भावंडे. ग्रीकांनी वेळेला नाव दिले, आपण छपराला. यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे प्रयोजन नाही. परंतु नाव ज्याचे पडते त्याच्याकडे लक्ष अधिक जाते हे खरे. वर्गखोल्या किती, पत्रे किती गळतात, संरक्षक भिंत आहे की नाही, याची माहिती आपले रकाने नियमाने मागतात. आणि ती मागितलीच पाहिजे. गावातील किती मुलांना सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत सवड आहे, हा रकाना मात्र सहसा आढळत नाही.

ग्रीकांच्या सवडीची दुसरी बाजू आता पाहिली पाहिजे. बर्लिनच्या संग्रहालयात दूरिस नावाच्या चित्रकाराने रंगविलेले एक मातीचे पेयपात्र आहे. ते इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आरंभीचे असून त्यावर अथेन्समधील शाळेचे दृश्य आहे. एक शिक्षक उघडी गुंडाळी हातात घेऊन बसला आहे व मुलगा त्याच्यापुढे ताठ उभा आहे. दुसरीकडे वाद्याचा पाठ चालू आहे. आणि बाजूला, हातात काठी घेतलेला एक दाढीवाला मनुष्य बसलेला दिसतो. तो मुलास घरून शाळेत आणणारा सेवक असावा, असे अभ्यासक समजतात. अशा सेवकास ग्रीक भाषेत ‘पैदागोगोस’ म्हणत, म्हणजे मुलाला नेणारा. तो बहुधा गुलाम असे. मुलाचे सामान उचलावयाचे, त्याला सांभाळून न्यावयाचे, पाठ संपेपर्यंत बसून राहावयाचे आणि परत आणावयाचे, हे त्याचे काम. शिक्षणशास्त्रास इंग्रजीत जे ‘पेडॅगॉजी’ नाव आहे ते या गुलामावरून पडले. डी. एड. व बी. एड.च्या पुस्तकांतून हा शब्द घोकताना त्या काठीवाल्याची आठवण फारशी कोणास होत नाही.

तो मनुष्य रोज शाळेत जात होता. छप्पर त्याच्याही डोक्यावर होते, पाठ त्याच्याही कानांवर पडत होता. परंतु ती वेळ त्याची नव्हती. ‘स्खोले’ मुलाची होती, त्याची नव्हती. अथेन्समधील मुलींचीही नव्हती. नागरिकांच्या मुली सामान्यतः घरीच राहत. थोड्यांना सवड मिळावी म्हणून पुष्कळांनी राबावयाचे, या पायावर ती सुंदर कल्पना उभी होती. शब्दाचे कौतुक करताना हे सांगावयाचे राहू नये.

पुढील दोन हजार वर्षांत इमारती वाढल्या, पुस्तके वाढली. हा पाया मात्र फार सावकाश हलला. इंग्लंडात १८४४ च्या कारखाना कायद्याने आठ वर्षांवरील मुलांना कापड गिरण्यांत अर्धा दिवस काम व उरलेला अर्धा दिवस शाळा अशी व्यवस्था लावून दिली. या मुलांना ‘हाफ-टायमर’ म्हणत. पहाटे उठून सकाळची पाळी करून आलेले मूल दुपारी बाकावर झोपी जाई, ही तेथील शिक्षकांची नित्याची तक्रार होती. छप्पर होते, शिक्षक होता, पट होता, हजेरीही लागत होती. नव्हती ती फक्त ‘स्खोले’. इंग्लंडात १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना उपस्थिती सक्तीची झाली, तरी ही अर्धवेळ पद्धत मोडावयास १९१८ चा शिक्षण कायदा यावा लागला.

महाराष्ट्रात ही गोष्ट ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे ओळखली ते महात्मा जोतीराव फुले. मुलींसाठी पुण्यात १८४८ साली शाळा काढणाऱ्या या दांपत्याने १८५५ मध्ये कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा चालविली. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा, त्यांच्यासाठी रात्रीतून सवड काढलेली ती शाळा होती. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी कारण उघड मांडले : शेतकऱ्याचे मूल शाळेत येत नाही ते दारिद्र्यामुळे, गुरे राखण्यास व शेताकडे पाहण्यास घराला त्याची गरज असते. म्हणून नुसत्या शाळा उघडून भागणार नाही, शिष्यवृत्त्या व बक्षिसे यांची जोड हवी आणि किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे हवे, अशी त्यांची मागणी होती. त्या मागणीस कायद्याचे संपूर्ण रूप यावयास फार काळ गेला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या अधिनियमाकडे ‘स्कूल’ शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर तो सवडीचा कायदा आहे. बालकामगारांविषयीच्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली तीही याच दिशेची : चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवता येत नाही, घरच्या उद्योगात त्याने हातभार लावावयाचा तो शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. शाळेच्या वेळेभोवती कायद्याने कुंपण घातले आहे. ते कुंपण कोठे मोडते हे येथे बसलेल्या कोणासही सांगावयास नको. दिवाळी झाली की बीड व आसपासच्या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर मुले. थोरली मुलगी तान्ह्या भावंडाला सांभाळते, दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढे बांधू लागतो. कारखान्याच्या तळावरील साखरशाळा किंवा गावातील हंगामी वसतिगृह यांचा खरा उपयोग छपरासाठी नाही. आईबाप फडात असताना मुलाची वेळ रोखून धरण्यासाठी आहे. जेथे वसतिगृह मंजूर होऊनही मुलगी फडावर गेली, तेथे बहुधा असे आढळते की घरातील तान्ह्या मुलाचा प्रश्न कोणी सोडविलेला नव्हता.

जाता जाता शिक्षकाच्या सवडीविषयीही एक वाक्य. याच अधिनियमाच्या कलम २७ अन्वये दशवार्षिक जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका ही तीन कामे वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकास देऊ नयेत असे म्हटले आहे. ‘माहिती आजच्या आज सादर करावी’ असा निरोप चालू तासात भ्रमणध्वनीवर वाजतो, तेव्हा वर्गात जे उरते त्यास ग्रीकांनी ‘अस्खोलिया’ म्हटले असते.

वर्गात यांपैकी किती सांगावे? चौथीच्या मुलास ‘ख’ आणि एच एवढे पुरे. फळ्यावर एका बाजूस ‘स्कूल’, दुसऱ्या बाजूस ‘एको’ व ‘स्टमक’ लिहावेत आणि तिन्हींत दडलेला ‘ख’ त्यांनाच शोधू द्यावा. मासळीचा अर्थ मुलांनी विचारला तरच सांगावा. सातवी-आठवीच्या मुलांस सवडीचा अर्थ समजतो. त्या तासाला त्यांना एक प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे : आज शाळेत येण्यापूर्वी कोणी कोणते काम केले, आणि घरी गेल्यावर कोणते करावयाचे आहे? पाणी, शेळ्या, धाकटे भावंड, दूध घालणे, दुकानावर बसणे, अशी उत्तरे येतील. मुलींची यादी बहुतेक ठिकाणी लांब निघते. नावे न घालता ती उत्तरे एका वहीत टिपून ठेवावीत. कार्तिक-मार्गशीर्षात हजेरीपटावर रिकामे चौकोन वाढू लागले की ती वही पटाशेजारी उघडून ठेवता येईल.